लाभ, दोन, तीन…

महादूभाऊंचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कार्यालयात स्नेहसंमेलनाच्या सामानाची यादी करत होते. महादूभाऊ परळीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाल आहेत आणि माझ्या मोठ्या बहिणीच्या, आक्काच्या, यजमानांचे, म्हणजे दाजींचे, जुने सोबती. ते मला कधी फोन करत नाहीत. शिवाय त्यांच्या मागे नेहमीचा मोंढ्याचा गलका ऐकू येत नव्हता. "नंदाताई," ते म्हणाले, "आज काटा बंद ठेवलाय." मी उभी राहिले. "दाजींना काय झालं?" "दाजी हायत. अंगणात बसलेत." मग ते म्हणाले, "वहिनी गेल्या, ताई."

खरं सांगायचं तर आम्ही सगळ्यांनीच मनातल्या मनात दाजी गेल्याच्या फोनची तयारी करून ठेवली होती. मला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय आहे, तशी त्या दिवसाचीही होती. गाडी कोणाची सांगायची, दवाखान्याचे कागद कुठल्या पिशवीत आहेत, कोणाकोणाला कळवायचं. कळवायच्या माणसांत पहिलं नाव आक्काचं होतं. आक्का स्वतः जाईल, सकाळी चहाचं आधण ठेवून जरा भिंतीला टेकेल आणि उठणारच नाही, हे कुणाच्याच यादीत नव्हतं.

आक्काचं लग्न होऊन ती परळीला गेली तेव्हा मी शाळेत होते. दाजी मोंढ्यात मापाडी. आडतीवर, म्हणजे दलालाच्या पेढीवर, शेतकऱ्याचा माल आला की काट्याजवळ उभं राहायचं, पोतं नीट चढलंय का बघायचं, ओला माल, दगडमाती नजरेनं टिपायची आणि पोतं कितवं ते खणखणीत आवाजात सांगायचं, हे त्यांचं काम. त्या आवाजावर हमाल पाऊल उचलतात, मुनीम लिहितो आणि शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. दाजींचा आवाज मोंढ्याच्या फाटकापर्यंत जायचा. आणि मोजणी सुरू व्हायची ती 'एक'नं नाही. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार… दाजींचे वडीलही मापाडीच होते, त्यामुळे दाजींच्या तोंडी 'एक' हा आकडा असा कधी आलाच नसावा. पंगतीत पोळ्या वाढताना लाभ, विटा उतरवून घेताना लाभ. त्यांची रेखा जन्मली तेव्हा पहिली मुलगी म्हणून तोंड वाकडं करणाऱ्या बायकांना त्यांनी दारातूनच ऐकवलं होतं, "लाभ झालाय आमाला. तुमी कावून सुतक धरलंय?"

सहा-सात वर्षं झाली असतील, ऐन सोयाबीनच्या दिवसांत दाजी काट्याजवळ कोसळले. आंबाजोगाईला नेलं. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायला लागले आणि तोंडातले शब्द गेले. सगळे नाही. एक राहिला. बारदाना. बारदाना म्हणजे रिकामी पोती, मोंढ्यात दिवसभर कानावर पडणारा शब्द. तो तेवढा कसा मागं राहिला देव जाणे. पाणी हवं असलं तरी बारदाना, पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी बारदाना. भेटायला आलेल्या एका पाहुण्यांच्या घरी नुकतंच कुणी वारलं होतं, तर दाजींनी त्यांचा हात हातात घेऊन अतिशय गंभीरपणे म्हटलं, "बारदाना." पाहुणे रडायचं थांबून बघतच राहिले. आक्कानं पदर तोंडाला लावला. ती रडतेय असं त्यांना वाटलं, पण मी तिच्या शेजारीच बसले होते, ती हसत होती. आणि दाजीही, तोंडाच्या डाव्या बाजूनं.

दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक तरुण मुलगी होती, फार मायेची. तिनं आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं. काकांना सगळं कळतं, बुद्धी शाबूत आहे, फक्त हवा तो शब्द हाताला लागत नाही. ती रोज समोर बसून म्हणायची, "काका, आपण मोजू या. म्हणा, एक." दाजी तिच्या ओठांकडे बघायचे, कपाळावर घाम येईपर्यंत जोर लावायचे आणि म्हणायचे, "बारदाना." मग मान खाली घालायचे. ती खाली गेलेली मान मला बघवत नसे. मी माझ्या परीनं काम उरकत होते. परळीच्या घरात भिंतीवर मोठ्या अक्षरांत वेळापत्रक लावलं, व्यायाम, गोळ्या, बोलण्याचा सराव, विश्रांती. आक्कानं ते वाचलं, मान डोलावली आणि म्हणाली, "लई चांगलं केलंस नंदे. यात मी कवा जेवायचं ते तेवढं लिही."

मी त्यानंतर एका सुट्टीला गेले होते तेव्हाची दुपार मी कधी विसरणार नाही. दाजी बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आक्का खाली बसून ज्वारी काढत होती, पोत्यातून मापट्यानं डब्यात. मी निवडायला ताट घेतलं होतं. आक्कानं पहिलं मापटं डब्यात ओतलं आणि सवयीनं, कुणाला ऐकू जावं असा काही हेतू नसताना, तोंडातल्या तोंडात म्हणाली, "लाभ."

"दोन," बाजेवरून आवाज आला.

आक्काचा हात मापट्यासकट पोत्यात राहिला. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. तिनं मापटं भरलं आणि डब्यात ओतलं. "तीन," दाजी म्हणाले. तिनं परत ओतलं. "चार." आता त्यांनी तोंड आमच्याकडे वळवलं होतं. आवाज घोगरा होता, शब्दाच्या कडा झिजलेल्या होत्या, पण तो त्यांचाच आवाज होता. ज्वारी पडायची आणि आकडा यायचा. डबा शिगोशीग भरला. मला वाटलं आता ही उठेल, ओरडेल, शेजारणीला हाक मारेल. तिनं काय करावं? भरलेला डबा उचलून पोत्यात उपडा केला, परत खाली ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "लाभ." "दोन." ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत ती एकच ज्वारी भरत आणि ओतत होती. माझ्या ताटातला एकही दाणा निवडून झाला नाही. माझी स्वतःची देवावर फारशी भिस्त नाही, पण त्या दुपारी मी माझ्या नकळत पाय दुमडून, देवघरात बसावं तशी बसले होते.

दवाखान्यातल्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती खुर्चीतून उठलीच. ती कोकणातली, तिला हा लाभ ठाऊक नव्हता. आयुष्यभर घोकलेली गोष्ट डोक्यातल्या वेगळ्या वाटेनं बाहेर येते, ती म्हणाली, बंद पडलेली गाडी धक्का दिल्यावर चालू व्हावी तशी. पण तिनं सावधही केलं. हा धक्का दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागेल. काका स्वतः लाभ म्हणू शकतील असं नाही आणि मोजता येतंय म्हणजे बोलता येईल असंही नाही. तसंच झालं. 'किती वाजले' विचारलं की बारदाना. पोळ्या किती वाढू, बारदाना. मी लाभ म्हणून बघितलं, तरी बारदाना. आणि आक्का म्हणाली लाभ, की पुढं जणू सगळा मोंढा उघडायचा.

ही गोष्ट घरात कौतुकाची म्हणून राहिली असती. आक्कानं ती कामाची केली. दाजी काट्यावर परत जाणार, असं तिनं ठरवलं. ठरवलं म्हणजे कुणाशी चर्चा केली नाही, आधी रोज सकाळी त्यांचा हात धरून त्यांना मोंढ्यात नेऊन बसवायला लागली. चहा घ्यायचा, माल उतरताना बघायचा, घरी यायचं. मग एकदा आडतीच्या शेटजींच्या पुढं जाऊन उभी राहिली. मी सोबत होते. शेटजी माणूस चांगला. म्हणाले, "वहिनी, भास्कर जगला हेच लई हाय. आता घरी आराम करू द्या त्याला."

"आराम केला की वर्षभर," आक्का म्हणाली. "घरी पडून काय मोजतील हो ते? पंख्याची पाती तीनच हायत. लगेच संपत्यात."

"अहो, पण त्याला बोलता कुठं येतंय?"

"तुमाला बोलाय कुठं पायजे? तुमाला मोजाय पायजे."

शेटजींनी काट्याकडं बघितलं, दाजींकडं बघितलं. दाजी डाव्या हातानं एका पोत्याची खालची शिवण चाचपत होते. हमालाकडं वळून ते नाराजीनं म्हणाले, "बारदाना." पोतं खरंच खालून उसवलेलं होतं. महादूभाऊ खदाखदा हसले. "शेटजी, घ्या बे आता, आपला मापाडी वळखला न्हाई व्हय तुमी!" आणि मग शेटजींना बे म्हटल्याचं लक्षात येऊन स्वतःच पोत्यामागं लपले.

वजन आता काट्यावर आपोआप दिसतं आणि मुनीम ते बघून लिहितो, म्हणून हे जमण्यासारखं होतं. तरी पहिल्या दिवशी मीही सोबत गेले होते. मोंढ्यात बायका असतात, झाडायला, माल चाळायला. पण काट्याजवळ उभं राहून मोजणी सुरू करणारी बाई कुणी पाहिली नव्हती. ज्यांचा माल होता ते आष्टीकडचे एक म्हातारे शेतकरी चष्मा पुसत म्हणाले, "बाईमाणसानं लाभ म्हणायचा व्हय?"

आक्का त्यांच्याकडं वळली. "मामा, घरी ज्वारी कोण मोजतंय? तुमी? आजवर तुमच्या घरात लाभ कोण म्हणत आलंय?"

मामांनी चष्मा घातला. "म्हण माय," ते म्हणाले.

पहिलं पोतं काट्यावर चढलं. आक्का म्हणाली, "लाभ," आणि एक पाऊल मागं सरली. दाजींनी डावा हात वर केला. "दोन!" आवाज फाटकापर्यंत गेला नाही, पण शेजारच्या आडतीपर्यंत गेला. तिथले हमाल पाठीवरच्या पोत्यांसकट वळून बघायला लागले. तीन. चार. पाच. महादूभाऊ पोतं टाकून परत जाताना डोळे पुसत होते आणि घाम आल्याचं ढोंग करत होते. ढीग संपला तेव्हा दाजी उजवा पाय ओढत त्या मामांपुढं गेले, मालावर हात ठेवला आणि म्हणाले, "बारदाना." मामा म्हणाले, "व्हय बाबा. लई चांगला मोजलास."

आक्का पूर्वी घरी ब्लाऊज शिवायची. दाजींच्या आजारपणात मशीन तसंच चादरीखाली गेलं होतं. आता तिनं ते उचलून मोंढ्यात आणलं आणि आडतीच्या ओसरीवर काट्याच्या समोर मांडलं. झाडणाऱ्या बायकांचे ब्लाऊज, हमालांच्या फाटलेल्या पिशव्या, जे येईल ते ती शिवायची. नव्या शेतकऱ्याचा ढीग लागला की पायाखालचं मशीन थांबायचं, ती स्टूल मागं सारून उठायची, काट्याजवळ जाऊन एकच शब्द बोलायची आणि परत येऊन दोरा ओवायची. दिवसभरात किती वेळा उठायची याचा हिशेब मी कधी केला नाही. पाहुण्यांच्या लग्नाला गेली तर सकाळची पहिली मोजणी सुरू करून देऊन मग बस धरायची, त्या दिवशी दाजी तेवढाच ढीग मोजायचे.

एकदा मी तिथं असताना मोजणीच्या मध्येच दोन शेतकऱ्यांचं भांडण जुंपलं. एकानं दाजींच्या खांद्याला हात लावून त्यांना काहीतरी विचारलं आणि दाजींची साखळी तुटली. पुढचा आकडा येईना. ओठ हलत होते, डोळे भिरभिरत होते. पोतं पाठीवर घेतलेला हमाल तसाच थांबला. आक्का उठून आली, घाई नाही, चेहऱ्यावर काही नाही, आणि हळूच म्हणाली, "लाभ." दाजींनी पहिल्यापासून सुरू केलं, पोती नसताना, नुसते आकडे, भराभर, दम लागेपर्यंत, आणि तुटलेल्या जागी येऊन थांबले. तिथं हमालानं पोतं टाकलं. त्या दिवसानंतर दाजी मोजत असताना त्या आडतीवर कुणी बोलत नाही. मोंढ्यासारख्या ठिकाणी! भाव सांगणारे, शिव्या देणारे, मोबाइलवर ओरडणारे, सगळे त्या काट्याजवळून जाताना आवाज खाली घेतात.

मला उपाय सुचत राहतात. मी आक्काचा 'लाभ' माझ्या मोबाइलमध्ये भरून घेतला. म्हटलं, तुला गावाला जायचं असलं तर हा लावायचा, काम होईल. दाजींसमोर लावला. त्यांनी मोबाइलकडं बघितलं, आक्काकडं बघितलं आणि तुच्छतेनं म्हणाले, "बारदाना." आक्का हसून हसून खाली बसली. तेव्हा मी तिला विचारलं होतं, "आक्का, एका शब्दासाठी तू दिवसभर तिथं… थकत नाहीस?" ती सुईत दोरा ओवत होती. "थकते की. रात्री पाय नुसते ठणकत्यात. पण नंदे, लग्न झाल्यापासून या माणसानं माझं एक ऐकलं न्हाई. आता मी नुसतं लाभ म्हणलं की लगेच दोन म्हणतोय. हे सोडू व्हय मी?" आणि मग दोरा दातानं तोडता तोडता, जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "त्यांच्यात अजून लई मोजणी शिल्लक हाय गं. दार तेवढं बाहेरून उघडावं लागतंय…"

आमची शेवटची भेटही त्या ओसरीवरचीच. औष्णिक केंद्राची राख वाऱ्याबरोबर येते म्हणून ती शिवलेला प्रत्येक कपडा दोनदा झटकायची. तसाच माझा एक ब्लाऊज झटकून, घडी करून तिनं हातात दिला. "बाह्या सैल ठेवल्यात. तू जाड व्हायलीस." मला बस गाठायची होती. मी वळून बघितलं तेव्हा ती काट्याकडं निघाली होती.

ती गेली त्या सकाळचं मला शेजाऱ्यांनी सांगितलं. दाजी रस्त्यावर आले आणि ओरडायला लागले, "बारदाना! बारदाना!" इतकी वर्षं त्या गल्लीनं तो शब्द सगळ्या सुरांत ऐकला होता, रागाचा, भुकेचा, गमतीचा. हा सूर ऐकून समोरची बाई हातातलं पीठ तसंच ठेवून धावत आली. तिला काही विचारावं लागलं नाही.

आक्काचे दिवस झाले. रेखा पुण्याहून आली होती, ती म्हणत होती बाबांना घेऊन जाते. मी नेहमीप्रमाणे काय काय करता येईल ते मांडत होते. दाजी पुण्याला गेले तर त्यांच्यासाठी तिथं काय, इथं राहिले तर डबा कुणाचा. आणि ज्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं ते सगळ्यात शेवटी, लाभ कोण म्हणणार. आम्ही बोलत असताना दाजींनी खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर घातली आणि पाय ओढत मोंढ्याकडं चालू लागले. आम्ही दोघी मागोमाग. पर्समध्ये मी मोबाइल घट्ट धरून ठेवला होता. आक्काचा आवाज त्यात होता. दाजी अडले तर लावायचा, असं मी ठरवलं होतं.

सोयाबीनचा ढीग लागलेला होता. पहिलं पोतं काट्यावर चढलं. महादूभाऊंनी तोंड उघडलं, तेच म्हणणार होते. दाजींनी डावा हात आडवा केला, थांब. मग त्यांनी ओसरीकडं तोंड केलं, मशीनकडं. सगळे थांबले. मशीनवरून उठायला, स्टूल मागं सारायला, ओसरीच्या दोन पायऱ्या उतरून काट्याजवळ यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ दाजी तिकडं बघत राहिले. त्यांची नजर हळूहळू पायऱ्यांवरून खाली आली, अंगण ओलांडून त्यांच्या शेजारी येऊन थांबली. मोंढ्यात कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता.

"दोन," दाजी म्हणाले.

दुसरं पोतं चढलं. "तीन." मुनीम लिहायला लागला. माल ज्याचा होता तो पोरगेला शेतकरी पहिल्यांदाच या आडतीवर आला होता. तो गोंधळून कुजबुजला, "ओ भाऊ, अन् पयलं कुठं गेलं?"

महादूभाऊ पाठीवरच्या पोत्याखालून म्हणाले, "पयलं झालं बे. वहिनी म्हणाल्या की. ध्यान कुठं होतं तुजं?"

दाजी परळीतच आहेत. काटा रोज चालू असतो आणि तिथली मोजणी आता मोठ्यानं दोनपासून सुरू होते. माझ्या मोबाइलमधला तो आवाज मी लावलेला नाही. झाडणाऱ्या बायका सकाळी येऊन मशीनवरची राख पुसतात आणि स्टूल मशीनखाली न सारता थोडं मागं, तिरकं ठेवतात, आक्का उठून काट्याजवळ गेली की राहायचं तसं.